आधी काकूंचं इन्सुलिन, मग बाकी सगळं : एका फिरत्या घराच्या सोलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी लातुरात गाड्यांच्या वायरिंगचं आणि सोलरचं काम करतो. हे प्रकरण जिल्ह्यातल्याच एका जोडप्याचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितोय, पण नावं आणि गाव गाळलंय. त्यांना काका-काकूच म्हणतो, कारण समोरही तेच म्हणतो.

काका एसटीत चालक होते. नोकरीच्या काळात सगळा मराठवाडा त्यांच्या चाकाखालून गेला. परळी, औंढा, माहूर, तुळजापूर, पैठण, वेरूळ या गावांना ते शेकडो वेळा पोचले, पण देवळाच्या पायरीपर्यंत क्वचितच. गाडी स्टँडवर लावायची, नोंद करायची आणि परतीची वेळ झाली की निघायचं. काकू तर कधी बरोबर नव्हत्याच. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एका शाळेची जुनी सतरा सीटर ट्रॅव्हलर घेतली आणि तिचं राहतं घर करायचं ठरवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. काकांनी सीट काढायच्या आधी अर्ज केला आणि मंजुरी हातात आल्यावरच पान्याला हात लावला. ते तसेच आहेत, कागद आधी.

आत एक दिवाण, ओटा, वीस लिटरच्या पाण्याच्या दोन टाक्या आणि छोटा गॅस बसवला. विजेचं काम त्यांनी घरच्या वस्तूंवर भागवलं. घरातल्या इन्व्हर्टरची तीन वर्षं वापरलेली १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायची बॅटरी, तोच इन्व्हर्टर आणि पन्नास लिटरचा घरगुती फ्रिज. टपावर ४,५०० रुपयांना घेतलेलं ३३५ वॅटचं जुनं सोलर पॅनल आणि खाली ९०० रुपयांचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत मापात भरणारा डबा.

फ्रिज हौसेचा नव्हता. काकूंना मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वापरात घेतलेलं पेन, म्हणजे ज्यातून इन्सुलिन टोचून घेतात ते, बाहेर चालतं, पण साधारण ३० अंशांच्या आत. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभी असलेली पत्र्याची गाडी त्याच्याही पुढे जाते. म्हणजे फ्रिज बंद पडला तर त्यांची यात्रा तिथेच संपते.

अडचण

ती मार्चमध्ये माहूरला संपली. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला इन्व्हर्टर ओरडायला लागला. काकांनी बंद करून चालू केला, पाच मिनिटं चालला, परत ओरडला. पहाटेपर्यंत असं चार-पाच वेळा झालं. मग फ्रिजमधलं पाणी कोमट झालं. काकूंनी पेनं स्टीलच्या डब्यात घातली, डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवला आणि त्यावर थोडं थोडं पाणी शिंपडत बसल्या. सकाळी गाडी सुरू करून दोघं थेट लातूरला आले. औषध किती तापलं हे सांगता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी सगळा साठा टाकून द्यायला सांगितलं. सव्वा महिन्याचं इन्सुलिन गेलं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा काकांचं म्हणणं ठरलेलं होतं : बॅटरी गेली, मोठी टाका. ज्यांच्याकडून पॅनल घेतलं त्यांनीही तेच सांगितलं होतं, आणखी एक बॅटरी आणि आणखी एक पॅनल. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने कॅम्पर बनवणाऱ्या एका कारखान्याकडून एसीसकट १,८५,००० चा आकडा आणला होता. कुणीतरी सबसिडीचंही सांगितलं होतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं हे खरं, पण ते ग्रिडला जोडलेल्या घराच्या छताला. गाडीच्या टपाला ते लागू होत नाही, म्हणून तो विषय तिथेच मिटवला.

काकू तोपर्यंत गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "बाबा, रात्री ऊन नसताना माझं औषध थंड राहील का, तेवढं सांग. बाकी काय लावायलाव ते लावा."

पुढच्या प्रत्येक निर्णयाला आम्ही हा प्रश्न विचारला.

आधी मोजमाप

काहीही विकत घेण्याआधी मी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, घेऊन बसलो. फ्रिज आणि पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकावर १२.२ व्होल्ट होते आणि इन्व्हर्टरच्या टोकावर ११.५. मधली वायर घरातल्या प्लगला वापरतात ती, अडीच चौरस मिलिमीटरची, तीन मीटर लांब, टोकाला नुसती पिळून नटाखाली दाबलेली. हात लावला तर चटका बसत होता. साध्या चालण्यात सोळा अँपिअर जात होते, तेव्हा वाटेतच पाऊण व्होल्टच्या आसपास हरवत होता. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या तिप्पट करंट ओढतो. त्या क्षणी इन्व्हर्टरला दहा व्होल्टच्या आसपास मिळत होते आणि तो साडेदहाला बंद होतो. म्हणजे माहूरला बॅटरी पूर्ण संपलीच नव्हती. वीज बॅटरीत होती, ती वायरीतून पुढे जात नव्हती.

इथे थांबलो असतो तर जाड वायर टाकून काकांना घरी पाठवता आलं असतं. पण दिवसभर ऊन असूनही बॅटरी पूर्ण का भरत नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते टपावर सापडलं. ३३५ वॅटचं हे पॅनल ७२ सेलचं, घराच्या छतावर लावतात तसं. ते साधारण ३७ व्होल्टवर आणि नऊ अँपिअरवर काम करतं. खालचा स्वस्त कंट्रोलर पीडब्ल्यूएम जातीचा होता. तो व्होल्टेज बदलत नाही, पॅनलला थेट बॅटरीशी जोडल्यासारखा वागतो. बॅटरी १३ व्होल्टवर, म्हणजे पॅनलही १३ व्होल्टवर येतं. तेरा गुणिले नऊ, ११७ वॅट. भर दुपारी मीटरवर मला ११४ दिसले. घेतलेल्या पॅनलचा दोन तृतीयांश भाग रोज टपावरच वाया जात होता. हीच चूक मी गेल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, कारण दुकानात पॅनलचे वॅट विचारले जातात, व्होल्ट कुणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकली. पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी दिवाणाखाली बंद पेटीत होती. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. त्याच दिवाणावर दोघं काचा लावून झोपत होते. मी त्याच दिवशी ती बॅटरी बाहेर काढली.

मग काकांना वही दिली. एसटीत केपीटीएल लिहायची सवय असलेला माणूस, म्हणजे दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर ते. त्यांनी तीन दिवस कोणती वस्तू किती तास चालली ते मिनिटांसकट लिहून आणलं. त्यावरून उन्हाळ्याच्या एका दिवसाचा हिशेब निघाला. घरगुती फ्रिजऐवजी १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज घेतला तर ४५ वॅट, उन्हाळ्यात अर्ध्याहून थोडा जास्त वेळ चालणार, म्हणजे ६०० वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). १८ वॅटचे दोन डीसी, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारे पंखे रात्रभर आणि एक दुपारी, मिळून ३६०. दिवे ६०, छोटा टीव्ही ६०, मोबाइल आणि पाण्याचा पंप ४०. बेरीज अकराशेच्या थोडी वर, म्हणजे सव्वा युनिटच्या आत. त्यातले सातशे सूर्य मावळल्यावर लागणारे.

समोर असलेले पर्याय

दुकानदाराचा सल्ला, म्हणजे दुसरी ट्यूब्युलर आणि दुसरं तसंच पॅनल, हा दिसायला स्वस्त होता. पण अशी एक बॅटरी पाण्यासकट पन्नास किलोच्या पुढे जाते आणि अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यात गॅसचा प्रश्न तसाच. आणि कंट्रोलर बदलला नाही तर दुसऱ्या पॅनलचेही तीनातले दोन भाग वाया.

तयार पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरी-इन्व्हर्टर-चार्जर एकाच डब्यात, हे मुलाला आवडलं होतं. वस्तू चांगली असते. पण एक भाग बिघडला की सगळा डबा कंपनीकडे पाठवायचा, आणि हे लोक तेव्हा माहूरच्या डोंगरावर असणार. मी त्याला नाही म्हटलं. आजही म्हणेन.

भक्तनिवास, धर्मशाळा, ओळखीचे एसटी डेपो अशा ठिकाणी वायर टाकून वीज घ्यायची, हा काकांचा पर्याय. ओळखी त्यांच्या भरपूर. पण रात्री लोडशेडिंग झालं तर? काकूंच्या प्रश्नावर हा पर्याय पडला.

राहिला चौथा : इन्व्हर्टर काढून टाकायचा आणि सगळं १२ व्होल्ट डीसीवर न्यायचं. इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी दहा-पंधरा वॅट खातो, चोवीस तासांत तीनशेच्या आसपास. आमच्या हिशेबात हा एका पंखाजोडीचा खर्च. इथे काकूंचा मिक्सर आड आला. चटणीसाठी पाच मिनिटं लागतो, पण ५०० वॅटचा. त्या पाच मिनिटांसाठी मोठा इन्व्हर्टर आणि अंगठ्याएवढी केबल लागली असती. काकू म्हणाल्या, खलबत्ता घेते. एसी का नको, ते मात्र मुलाला फोनवर मीच समजावून सांगितलं. त्याला लागणारी वीज या टपावर मावतच नाही.

काय केलं

पॅनल तेच ठेवलं. कंट्रोलर बदलून ३० अँपिअरचा एमपीपीटी घातला, जो ३७ व्होल्ट घेऊन १३-१४ व्होल्टला जास्त करंट करून देतो. याच्या खरेदीत सावध राहावं लागतं. पेटीवर एमपीपीटी छापलेले पण आत पीडब्ल्यूएमच असलेले कंट्रोलर बाजारात सर्रास मिळतात. ओळखायची माझी रीत साधी आहे : पॅनलकडून येणारा करंट आणि बॅटरीकडे जाणारा करंट क्लॅम्प मीटरने मोजायचा. दोन्ही सारखे असतील तर तो एमपीपीटी नाही. आमच्याकडे आत सात आणि बाहेर एकोणीस आले.

बॅटरी १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची, १२.८ व्होल्टची. साठा १२८० वॅट-तास, वजन बारा किलो. ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येतो. रात्रीचे सातशे म्हणजे पंचावन्न टक्के, सकाळी उरतात पंचेचाळीस. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं, आणि या एकाच वस्तूवर मी काकांना हात आखडू दिला नाही.

फ्रिजला जाणारी वायर १० चौरस मिलिमीटरची, बॅटरीपासून मुख्य फळीपर्यंत १६ ची. टोकांना तांब्याचे लग, म्हणजे नटाखाली बसणाऱ्या कड्या, हायड्रॉलिक पान्याने दाबून. बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत मुख्य फ्यूज, आणि पुढे प्रत्येक वस्तूला वेगळा. वायर घासून टपाच्या पत्र्याला लागली तर लिथियम बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते, म्हणून फ्यूज लांब बसवणं म्हणजे न बसवण्यासारखंच.

पॅनल टपाला चिकटवलं नाही. ॲल्युमिनियमच्या अँगलवर दोन इंच उचलून बसवलं, नटबोल्ट टपाच्या कमानींमधून, खाली रबरी वॉशर आणि सीलंट. पॅनल तापलं की वीज कमी देतं, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. मेमध्ये सेल ६५-७० अंशांना जातात, म्हणजे छापील आकड्यातून सोळा-अठरा टक्के वजा. खालून वारा खेळला तर त्यातले थोडे वाचतात आणि टपाच्या तेवढ्या भागावर सावलीही पडते. पॅनल आडवंच ठेवलं. लातूर १८.४ अंशांवर आहे, मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा आडवंच उत्तम. डिसेंबरात दुपारी सूर्य ५० अंशांच्या वर चढत नाही आणि वीज घटते, पण तेव्हा फ्रिजही निम्माच चालतो.

उष्णता, धूळ, वायर सगळं धरून उन्हाच्या दिवशी साडेबाराशे वॅट-तास मिळतील असा माझा अंदाज होता. लागणार अकराशे. काठावर, पण बसत होतं.

सावलीचा पेच

एप्रिलच्या पहिल्याच फेरीत येडशीच्या रामलिंगाहून काकांचा फोन आला. "मीटर दोन अँपिअर दाखवायलंय. बिघडलं का?"

"गाडी कुठं लावलीय?"

"चिंचेखाली. उन्हात कसं बसावं बाबा?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. एप्रिलमध्ये मराठवाड्यातला कुठलाही शहाणा माणूस गाडी सावलीतच लावणार. माणसाला सावली हवी आणि पॅनलला ऊन, आणि दोघं एकाच टपावर. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने बराच भाग गळतो.

म्हणून १०० वॅटचं एक सुटं पॅनल घेतलं, दहा मीटर वायरीसकट, झाडाच्या बाहेर उन्हात टेकवून ठेवायला. ते १८ व्होल्टचं, टपावरचं ३७ चं. दोन्ही एकाच कंट्रोलरला जोडली तर मोठं पॅनल लहानाच्या पातळीला ओढलं जातं. इथे काकांनी अडगळीत टाकलेला ९०० रुपयांचा पीडब्ल्यूएम बाहेर काढला. १८ व्होल्टच्या पॅनलला तो अगदी योग्य, आणि त्यात लिथियमची सेटिंगही होती. सुटं पॅनल स्वतःच्या कंट्रोलरने त्याच बॅटरीला जोडलं. दुपारी पाच-साडेपाच अँपिअर येतात, म्हणजे चिंचेखाली बसूनही फ्रिजचा रात्र सोडून दिवसापुरता खर्च निघतो.

पैठणला काय झालं

मेच्या तिसऱ्या आठवड्यात नाथसागराच्या बाजूला ते दोन दिवस होते. काका आता दर दोन तासांनी मीटरचा आकडा वहीत लिहीत होते. दुपारी दीडच्या ओळीत त्यांनी लिहिलं : "ऊन कडक. पॅनल स्वच्छ. अँपिअर ०." साडेतीनलाही शून्य. संध्याकाळी बॅटरी ४१ टक्क्यांवर.

वहीतली ती ओळ नसती तर मी फोनवर तासभर अंधारात चाचपडलो असतो. पंखा आणि फ्रिज चालू होते, म्हणजे बॅटरी वीज देत होती, फक्त घेत नव्हती. लिथियम बॅटरीच्या आतलं संरक्षण, म्हणजे बीएमएस, फार तापल्यावर आधी चार्जिंग तोडतं. मी बॅटरी मागच्या बाजूला पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. ती बाजू पश्चिमेला उभी, आणि पेटीखालून सायलेन्सरची नळी. काकांनी पेटी उघडून हवेचं तापमान दाखवणारा थर्मामीटर आत ठेवला : ५७.

चूक माझी होती. ट्यूब्युलर गॅसमुळे माणसांपासून दूर ठेवायची, ही सवय मी लिथियमलाही लावली. तिला गॅसचा प्रश्न नाही, उष्णतेचा आहे. माणूस जिथे बसू शकतो तिथेच ती ठेवायला हवी. त्या रात्री त्यांनी टीव्ही आणि एक पंखा बंद ठेवला, फ्रिज चालला. परत आल्यावर बॅटरी चालकाच्या सीटमागे, जमिनीवर, लाकडी चौकटीत बांधली आणि एक छोटा कॉम्प्युटरचा पंखा लावला, ४० अंशांना आपोआप सुरू होणारा. त्यानंतर तिथलं तापमान ४३ च्या वर गेलेलं नाही.

पावसाळा

श्रावणात औंढ्याला तीन दिवस सलग झड होती. दोन्ही पॅनल मिळून दिवसाला साडेचारशे-पाचशे वॅट-तास. तिसऱ्या सकाळी बॅटरी १८ टक्के. काकांनी गाडी नांदेडपर्यंत नेऊन आणली, पण त्याचा उपयोग झाला नाही, कारण अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाचा, या बॅटरीशी संबंधच जोडलेला नव्हता. दिवसभर फिरणाऱ्या गाडीत इंजिनची वीज न घेणं ही मोठी उणीव मी पैसे वाचवायला ठेवली होती. परत आल्यावर २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवला, जो अल्टरनेटरची वीज मापात घेऊन बॅटरीत भरतो. साधा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावून ते स्वस्तात होतं, पण लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जर वीसवरच रोखतो. दोन तास गाडी चालली की पाचशे वॅट-तास, म्हणजे ढगाळ दिवसाचं पूर्ण उत्पन्न.

खर्च

मोठं पॅनल ४,५००, जुना कंट्रोलर ९००, एमपीपीटी ७,२००, बॅटरी २४,०००, वायर-फ्यूज-मीटर-चौकट ८,६००, पंखे आणि दिवे २,४००, सुटं पॅनल ४,२००, डीसी-डीसी चार्जर ८,८००. एकूण ६०,६००. फ्रिजचे २१,५०० वेगळे. मजुरी मी घेतली, पण बॅटरीची जागा बदलायची घेतली नाही, ती माझी चूक होती.

वेगळं काय करता आलं असतं

डीसी-डीसी चार्जर सुट्या पॅनलच्या आधी घ्यायला हवा होता. या दोघांची गाडी एका जागी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त थांबत नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर दिसत होतं. महिनाभर शेतात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी उलट सांगेन.

बॅटरीची जागा ठरवण्याआधी ती गाडी दिवसभर उन्हात लावून चार ठिकाणी थर्मामीटर ठेवायचे होते. त्याला काहीच खर्च नव्हता. आता मी प्रत्येक गाडीला ते करतो.

आणि फ्रिजच्या आतल्या थंडीकडे आम्ही उशिरा पाहिलं. काका खबरदारी म्हणून २ अंशांवर लावत होते. इन्सुलिन गोठलं तर तेही वाया जातं, आणि या छोट्या फ्रिजमध्ये भिंतीला टेकलेली वस्तू गोठू शकते. आता तो ५ वर आहे, पेनं मधोमध प्लास्टिकच्या डब्यात, शेजारी किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर.

सध्याची स्थिती

दिवाळीनंतर ते तुळजापूर, नळदुर्ग करून आले. गाडी माझ्याकडे नट आवळायला आली होती. टपाच्या मागच्या उजव्या बोल्टपाशी सीलंटला चीर दिसली, ती काढून नवीन भरली. पॅनलवर धुळीचा थर होता, काका दर दोन दिवसांनी पहाटे ओल्या फडक्याने पुसतात, या वेळी राहिलं होतं.

वही आता दुसरी चालू आहे. तिच्यात डाव्या बाजूला काकांचे अँपिअर असतात आणि उजव्या बाजूला काकूंच्या अक्षरात फ्रिजचं तापमान, सकाळ-संध्याकाळ. नळदुर्गच्या पानावर सकाळी सहाला ५८ टक्के आणि ५ अंश लिहिलेलं होतं. माहूरला ते पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत.